जतला जाणारी गाडी

भूल देणाऱ्या डॉक्टरचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही. सर्जनला लोक पेढे आणून देतात, नर्सचे हात हातात घेऊन रडतात, आणि आम्ही रस्त्यात भेटलो तर "कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय" म्हणून पुढं जातात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पेशंटला काही आठवू नये, हेच तर आमचं काम. पण मालगावे मंडळी मला विसरली नाहीत, आणि मलाही त्यांना विसरता येत नाही.

मी डॉ. सुनंदा हेर्लेकर. मिरजेत भूलतज्ज्ञ म्हणून जन्म काढला. या गावात दवाखाने इतके की चुकून कुणाला धक्का लागला तरी तो डॉक्टर निघतो. अशा गावात मी कशाला काय सांगावं, पण औषधाबद्दल चार शब्द आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

केटामाइन हे आमच्या कपाटातलं फार जुनं औषध. आमचे सर म्हणायचे, वीज नाही, ऑक्सिजन नाही, हाताखाली माणूस नाही, अशा ठिकाणी एकच बाटली मागायची असेल तर ही मागा. बाकीची भुलीची औषधं माणसाला झोपवतात आणि झोपवताना श्वास, रक्तदाब सगळंच खाली ओढतात. याचं तसं नाही. पेशंटचे डोळे उघडे असतात, श्वास चालू असतो, नाडी उलट जरा जोरातच पळते. फक्त तो माणूस तिथं नसतो. शरीराला काय होतंय ते 'मला' होतंय, ही जाणीवच सुटते. पाय कापला जातोय खरा, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

पुढं कळलं, की हेच औषध अगदी थोड्या मात्रेत, सलाइनमधून सावकाश दिलं, तर ज्यांच्या नैराश्यावर कुठलीच गोळी चालत नाही अशांतल्या बऱ्याच जणांना काही तासांत बरं वाटायला लागतं. गोळ्यांना आठवडेच्या आठवडे लागतात. लांबलेल्या नैराश्यात मेंदूच्या पेशींमधले जोड झिजत जातात. केटामाइन ग्लुटामेट नावाच्या रसायनाचं एक दार थोडा वेळ बंद करतं, त्या धक्क्यानं पेशी जाग्या होतात आणि एका दिवसात नवे जोड उगवायला लागतात. अडचण एवढीच, की ते टिकत नाहीत. आठवडा-पंधरवडा गेला की माणूस परत होता तिथं.

टिकवायचं कसं, याचं उत्तर माझ्या केसांना कलप लावणं मी सोडलं त्या सुमारास सापडलं. केटामाइनच्याच कुळातलं एक नवं औषध आलं. ते दिल्यावर काही तास मेंदू ओल्या सिमेंटसारखा असतो. त्या वेळात ओळखीच्या माणसाचा आवाज सलग कानावर पडत राहिला, तर नवे जोड त्या आवाजाला धरून पक्के होतात. मग दर दोन-चार दिवसांनी तो आवाज थोडा वेळ ऐकला की पुरे, फोनवर ऐकला तरी चालतो. याला कागदोपत्री 'स्वरबंध उपचार' म्हणतात. लोक नुसतं 'आवाज बांधला' म्हणतात.

मग तो आवाज रेकॉर्ड करून ठेवावा की, असं प्रत्येकालाच वाटतं. तेही करून झालं. जिवंत आवाज रोज जरासा बदलतो. सर्दी होते, वय वाढतं, एखादा शब्द वेगळा पडतो. मेंदू या बारीक फरकांवरच जागा राहतो. रेकॉर्ड केलेला किंवा यंत्रानं हुबेहूब घडवलेला आवाज काही आठवडे चालतो, मग मेंदू त्याचं ऐकायचं सोडतो. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याचं आपण सोडतो तसं.

अक्षता मालगावेला आमच्याकडे आणलं तेव्हा ती स्वतःच्या पायानं चालत होती, पण तिला कुणीतरी चालवतंय असं वाटायचं. तिशी नुकतीच ओलांडलेली. बेदाण्याच्या कारखान्यात प्रतवारी करायची. एक दाणा जिभेवर ठेवून माल कुठल्या शेडवरचा, किती दिवस वाळवलाय, ते सांगायची म्हणे. त्या जिभेला आता काहीच लागत नव्हतं. कारण विचारू नका. लोक फार कारण विचारतात. सासुरवास होता का, मूल नाही म्हणून का, नवरा नीट वागत नाही का? काही नव्हतं. मधुमेह होतो तसं हे झालं होतं. सगळ्या गोळ्या झाल्या होत्या, विजेचे झटके झाले होते, आणि एकदा शेजाऱ्यांनी वेळेवर दार फोडलं म्हणून ती वाचली होती.

तिचा नवरा सुदर्शन बॅटरीवरच्या गाड्यांचं दुरुस्तीचं दुकान चालवायचा. भला माणूस, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याला घाम फुटायचा. औषध चढलं, अक्षताचे डोळे छताला लागले, आणि मी त्याला म्हणाले, "हं, बोला आता. काहीही बोला, फक्त थांबू नका."

तो नर्सकडे बघतो, वॉर्डबॉयकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "मॅडम, काय बोलू ओ? सगळी उभी आहेत इथं."

"बायको आहे तुमची. घरी बोलता तेच बोला."

"घरी कुठं बोलतोय..." असं पुटपुटत त्यानं खुर्चीची कड धरली, दोनदा घसा खाकरला, "अगं अक्षता," एवढं म्हणाला, आणि कानशिलं लाल होऊन ताडकन उठला. "अण्णा, तुम्ही बसा. मी गाडी सावलीत लावून येतो."

चारचौघांत बायकोशी गोड बोलायचं म्हणजे आमच्याकडच्या पुरुषाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं. जगातल्या कुठल्या तज्ज्ञानं हा उपचार लिहिताना ही गोष्ट धरली नव्हती.

अण्णा म्हणजे सुदर्शनचे वडील, भूपाल मालगावे. मिरजेच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झालेले. स्टँडवर यंत्र बोलायला लागायच्या आधी कितीतरी वर्षं गाड्या त्यांनीच पुकारल्या होत्या. बायको केव्हाच गेलेली, घरात ही तीनच माणसं. त्यांना लाज वगैरे काही नव्हती. टोपी काढून मांडीवर ठेवली, सुनेच्या कानाशी वाकले आणि सुरुवात केली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. मिरजहून भोसे, शिरढोण, कवठेमहांकाळ, नागजमार्गे जतला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे..."

नर्स फिसकन हसली. मीही हसले. भरदार आवाज होता, पत्र्याच्या शेडमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. सगळे फलाट झाले, सगळ्या तालुक्यांच्या गाड्या सुटल्या, मग त्या गाड्यांत बसलेली माणसं आली, कुणाची कोंबडी सुटली ते आलं, आणि पुन्हा जतची गाडी लागली. सुदर्शन सावली शोधून परत आला तेव्हा सिमेंट वाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनीच घरून थर्मासमधून चहा आणला. अक्षतानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "अण्णा, साखर घालायला विसरलाय की हो."

सुदर्शन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तिला चव लागली होती, आणि लागली ती बोलून दाखवावीशी वाटली होती. आमच्या कुठल्याही तपासणीपेक्षा हे मोठं होतं. मी घरी जाऊन नवऱ्याला ते दोनदा सांगितलं.

तेव्हापासून अण्णांना तो चाळाच लागला. मधूनच एखाद्या दिवशी मुद्दाम बिनसाखरेचा चहा करायचे आणि सुनेपुढं ठेवून गंमत बघत बसायचे. ती भांडायला लागली की खूश. "चव शाबूत आहे मॅडम," असं मला रस्त्यात गाठून सांगायचे. ती परत कारखान्यात जायला लागली. घरी आली की अण्णा स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसत आणि तिची भाकरी होईतो बोलत राहत. एवढ्यावर ते घर चांगलं चाललं होतं.

बाहेर मात्र या आवाजांनी गोंधळ घातला होता. परदेशी निघालेल्या पोरांना आया अडवायच्या, तू मावशीचा आवाज आहेस म्हणून. लग्नाच्या बैठकीत विचारायचे, मुलगा कुणाचा आवाज तर नाही ना? न पटणारी जोडपी एकमेकांना सोडू शकत नव्हती. एकानं बरं राहावं म्हणून दुसऱ्यानं जवळ राहायचं, आणि मरायचं तर अजिबात नाही. आता नियम झालाय, की आवाज पेशंटपेक्षा तरुण माणसाचा हवा. तेव्हा तो नियम नव्हता.

अण्णांचा घसा बसला तो एका उन्हाळ्यात. सगळ्यांनी उसाच्या रसावर ढकललं. ऑगस्टपर्यंत आवाज मोकळा झाला नाही तेव्हा तपासलं, तर स्वरयंत्राचा कॅन्सर. किरणोपचार दिले, गाठ विरली, सहा-आठ महिने बरे गेले आणि गाठ पुन्हा आली. आता एकच उपाय उरला होता, स्वरयंत्र पूर्ण काढून टाकायचं. श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक. झडप बसवून पुढं थोडं बोलता येतं, पण तो आवाज वेगळा, घरघरता. अण्णा जगले असते, अण्णांचा आवाज नसता जगला.

अण्णा माझ्या खोलीत आले. भुलीआधीची तपासणी म्हणून बोलावलं होतं, पण ते तपासून घ्यायला आले नव्हते.

"मला ऑपरेशन करायचं न्हाई," ते म्हणाले. आवाज फाटला होता, पण अजून त्यांचाच होता. "सर्जनसाहेब ऐकंनात. तुम्ही सांगा त्यांना."

"अण्णा, नाही केलं तर वर्षभर काढाल. शेवट श्वास कोंडून होईल. आणि आवाज तर त्याआधीच जाईल."

"जाईल तवा जाईल. तवर पोरगी जगंल की. वर्षात तुमी लोक नवीन काय तरी काढताय. न्हाई काढलं तर तिचं नशीब. पर मी हातानं न्हाई तिचा फलाट उखडणार." मग टेबलावर वाकून म्हणाले, "आन हे तिला कळू द्यायचं न्हाई. सुदर्शनलाबी दटावलंय. घसा बसलाय म्हणून सांगितलंय."

आजारी माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, हे आमच्या हाडात आहे. मामा वारला तरी आजीला "गावाला गेलाय" म्हणून सांगणारी माणसं आपण. सांगू नका, सांगू नका, असं सगळे एकमेकांना डोळ्यांनी बजावत राहतात आणि ज्याला सांगायचं नाही तोच अंथरुणातून सगळ्यांचे डोळे वाचत असतो. मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि मला त्याची चीड आहे.

कॉरिडॉरमध्ये सुदर्शन बाकावर बसला होता. "एकाला वाचवलं की दुसरं जातंय मॅडम," एवढंच म्हणाला. मग चपलेकडे बघत, "त्या दिवशी मी खुर्चीवर बसून राहिलो असतो, तर आज अण्णांचं ऑपरेशन बिनघोर झालं असतं." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसरा आवाज बांधता येतो का? येतो, कधीकधी. पण पहिल्या आवाजाचे जोड शाबूत असेपर्यंत दुसरा धरत नाही. पेशंटनं पहिला आवाज ऐकणं सोडावं लागतं, पार तळाला जावं लागतं, आणि मग नव्यानं औषध द्यायचं. तळाला गेलेला माणूस तिथं टिकेल का, हा पहिला प्रश्न. आणि टिकला तरी दुसऱ्या वेळी निम्म्याहून कमी लोकांतच तो धरतो.

त्याच आठवड्यात अक्षता माझ्याकडे आली. एकटीच, कारखान्यातून परस्पर. हातात बेदाण्याची पुडी.

"हे घ्या, वरच्या प्रतीचा आहे," म्हणून पुडी टेबलावर ठेवली आणि बसली. "अण्णांना कॅन्सर आहे ना?"

मी समोरचे कागद सारखे करायला लागले.

"नका सांगू. तुम्हाला शपथ घातली असणार. मॅडम, त्यांच्या आवाजावर मी श्वास घेते आणि त्यात काय बिघडलंय ते मला कळणार नाही होय? तुमच्या यंत्राच्या आधी मला कळलंय. 'शिरढोण' म्हणताना श पडायचा बंद झाला, तेव्हाच." ती हसली. "सगळी घरात चोरासारखी वावरतात. मी पण काही माहीत नाही असं दाखवते. नाटक कंपनी झालीय आमची."

"त्यांना ऑपरेशन नकोय. तुझ्यासाठी."

"म्हणूनच आलेय. परत बांधता येतं ना? आधी खाली जावं लागतं म्हणे."

मी तिला सगळं सांगितलं. निम्म्याहून कमी, तेही सांगितलं. ती पेशंट होती आणि मी तिला खरं सांगितलं, एवढं एकच काम या सगळ्यात मी धड केलं. तिनं नखानं पुडीचा दोरा सोडला, परत बांधला.

"खाली काय असतं ते तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली. "रडायला येत नाही तिथं. रडायला आलं तर बरंच म्हणायचं. आपला हात आपला वाटत नाही, माणसं काचेपलीकडं बोलतात. मला लई भीती वाटते त्याची मॅडम. मरायची नाही वाटत तेवढी." मग म्हणाली, "पण मी इथं भाकरी थापायची आणि त्यांनी स्टुलावर बसून माझ्यासाठी कणाकणानं गळा आवळून घ्यायचा, हे मला बघवणार नाही. मी माहेरी निपाणीला जाते. फोन बंद ठेवते. आईला सगळं सांगते, ती मला डोळ्यांआड होऊ देणार नाही."

"आणि अण्णा? ते तुझ्यामागं निपाणीला येतील."

"त्यांना तुम्ही सांगायचं, नवीन गोळी आलीय. आता अक्षताला आवाजाची गरज नाही म्हणून. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

मला तिचा फार राग आला. उभ्या आयुष्यात पेशंटशी खोटं बोलून मी सही घेतली नव्हती. त्या दिवशी तिला हो किंवा नाही काहीच न म्हणता मी घरी गेले आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. ती निपाणीला गेल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं. आठवड्याभरानं तिच्या आईचा फोन आला, की ती अंघोळीला उठत नाही. तिनं मला विचारलंच नव्हतं खरं तर. माझं उत्तर यायच्या आधीच तिनं गाडी सोडून दिली होती. आता अण्णांनी ऑपरेशन नाकारलं असतं तर दोघंही गेली असती.

म्हणून मी खोटं बोलले. सुदर्शन शेजारी बसला होता, त्यानं मान खाली घातली होती. मी अण्णांना गोळीचा रंगसुद्धा सांगितला. परत तीच वेळ आली तर परत बोलेन.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग मोठ्यानं हसले, त्या फाटक्या आवाजात. "आयला, म्हंजे मी रिटायर झालो म्हणा की!" मग पेन मागून घेतलं आणि सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरबाहेर सुदर्शन सारखा फोन लावत होता. एकदा, शेवटचं, तिनं त्यांचा आवाज ऐकावा म्हणून. अक्षताचा फोन बंद होता. सासूबाईंच्या फोनवर लावला तर त्या म्हणाल्या, ती फोन कानाला लावू देत नाही, उशी धरते.

गाठीमुळं अण्णांच्या श्वासाची वाट पार अरुंद झाली होती. अशा माणसाला नेहमीसारखं झोपवून चालत नाही. झोपवलं, स्नायू सैल पडले आणि वाट मिटली तर मिटलीच. गळ्याला आधी भोक पाडून नळी घालायची आणि तोवर श्वास त्याचा त्यानंच घेत राहायचा. त्यासाठी माझं जुनं केटामाइनच हवं होतं. ज्या औषधाच्या भावंडानं सुनेला सासऱ्याच्या आवाजाला बांधलं, तेच मी सिरिंजमध्ये भरत होते.

"मॅडम," अण्णांनी टेबलावरून विचारलं, "गोळी खरंच आलीय न्हवं?"

मास्कच्या वर माझे डोळे तेवढे दिसत होते. मी ते हलू दिले नाहीत. "आलीय अण्णा."

"मग सोडा गाडी."

मी औषध सोडलं. त्यांचे डोळे उघडेच राहिले आणि थोड्या वेळानं अण्णा त्यांच्यातून निघून गेले. सर्जननं गळ्यावर भुलीचं इंजेक्शन टोचलं, चाकू हातात घेतला, आणि तेवढ्यात अण्णा बोलायला लागले. केटामाइनखाली काही माणसं बोलतात. आवाज फाटका, पण ठणठणीत.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. मिरजहून भोसे... शिरढोण..."

सर्जनचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. श वेडावाकडा पडला होता, पण पडला होता.

"...कवठेमहांकाळ, नागजमार्गे जतला जाणारी..."

"करा," मी म्हणाले. थांबणं धोक्याचं होतं. नळी आत गेली, हवा गळ्याच्या भोकातून फुस्सकन बाहेर आली, आणि ओठ पुढंही हलत राहिले. त्या गाडीचा फलाट कुठला ते कुणालाच ऐकू आलं नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. गाठ संपूर्ण निघाली. सर्जनला पेढे मिळाले.

अण्णा घरी जाईपर्यंत अक्षता तळाला पोचली होती. तिला निपाणीहून आणलं तेव्हा तिचे केस आईनं कापले होते, विंचरू देत नाही म्हणून. अण्णा गळ्याला रुमाल बांधून दवाखान्यात आले आणि त्यांनी तिला बघितलं. मी तयारी करून ठेवली होती, ते काय काय विचारतील आणि मी काय काय सांगेन याची. त्यांनी काहीच विचारलं नाही. पाटीपेन्सिल पिशवीत होती, ती त्यांनी बाहेर काढली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर फिरवली. ती नजर मी कुठल्याच पेशंटच्या डोळ्यांत बघितली नव्हती, कारण माझे पेशंट मला विसरलेले असतात.

औषध दिलं. अक्षताचे डोळे छताला लागले. सुदर्शननं खुर्ची पुढं ओढली. खोलीत नर्स होती, वॉर्डबॉय होता, अक्षताची आई होती, मी होते. त्याचे कान लाल झालेच, पण या वेळी तो उठला नाही.

"अगं अक्षता," तो म्हणाला. "मी आहे. सुदर्शन." त्यानं खुर्चीची कड धरली. "काय बोलू? मला येत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी मी सावली शोधायला गेलो नव्हतो. गाडी सावलीतच होती. मी नुसता गेटपाशी उभा होतो..."

आणि तो बोलत राहिला. लग्नात तिनं घातलेल्या बांगड्यांचा रंग, दुकानातलं गिऱ्हाईक, तिच्या भाकरीचा वास जिन्यापर्यंत येतो हे. अडखळत, तेच तेच, पण थांबला नाही. शब्द पार संपले तेव्हा त्यानं गाड्या पुकारायला सुरुवात केली. "मिरजहून भोसे, कवठेमहांकाळ..." पलंगाच्या पलीकडून अण्णांनी लोखंडी कठड्यावर बोटं आपटली आणि ओठांनी सांगितलं, शिरढोण. "शिरढोण," सुदर्शन म्हणाला. त्यानंतर सगळी गावं अण्णांच्या ओठांवर आधी यायची आणि सुदर्शनच्या तोंडून मागाहून. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी कोरड्या डोळ्यांनी बघितल्यात. ही नाही बघता आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. अण्णा थर्मास घेऊन माझ्या आधीच आले होते. सुदर्शनची दाढी वाढलेली, आवाज बसलेला. अक्षता उशीला टेकून बसली होती. अण्णांनी कप भरला आणि तिच्या हातात दिला. मग ते माझ्याकडे न बघता पलंगाशी उभे राहिले. चहात काय नव्हतं ते खोलीतल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

तिनं एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं सावकाश सगळा कप संपवला आणि परत दिला.

"कसा झालाय चहा?" सुदर्शननं विचारलं.

"बरा आहे," ती म्हणाली.

अण्णांनी कप घेतला आणि विसळायला मोरीकडे गेले. नळ बराच वेळ चालू होता. सुदर्शननं खुर्ची पलंगाजवळ ओढली, घसा खाकरला आणि पुन्हा बोलायला लागला.